शंख गोळा करायचा नाद लागलाय? मग पहिला शंख उचलायच्या आधी एवढं वाचा

शंख हातात आला की बहुतेक जण तो आधी कानाला लावतात. मी पण लावतो, दर वेळी लावतो. आत समुद्र नसतो हे माहीत असतं, आपल्या आजूबाजूचाच बारीकसारीक आवाज त्या पोकळीत घुमून परत येतो, त्यामुळे एकदम शांत खोलीत तो कमी ऐकू येतो आणि गजबज असली की वाढतो, करून बघा. पण किनाऱ्यावर सापडलेला शंख कानाला लावायच्या आधी, खिशात टाकायच्या तर फारच आधी, आत कोणी आहे का ते बघायचं. मला ही गोष्ट सुरुवातीला कोणी सांगितली नव्हती. पहिला मोठा शंख मी नीट न बघता घरी आणला, दोन दिवसांनी वास सुटला तेव्हा कळलं की आत पार खोलवर एक हर्मिट क्रॅब, म्हणजे रिकाम्या शंखात घर करणारा खेकडा, दडून बसला होता. त्याचं मला आजही वाईट वाटतं, आणि नवीन माणसाने निदान ही एक चूक तरी करू नये म्हणून मी हे सगळं लिहायला घेतलंय.

आधी शंख म्हणजे काय ते समजून घ्या

शंख हा शब्द आपण फार सैल वापरतो. वेटोळं घातलेलं, जरा मोठं, जाड कवच दिसलं की आपल्यासाठी तो शंख. शास्त्रात मात्र शंख नावाचा असा एकच गट नाहीये. जो फुंकायचा पांढरा जड शंख आपल्या डोळ्यासमोर येतो तो टर्बिनेला पायरम, कॅरिबियन समुद्रातला गुलाबी ओठाचा, म्हणजे तोंडाच्या कडेचा, तो क्वीन काँक, लांबट तुतारीसारखा आणि तपकिरी नक्षीचा तो चारोनिया म्हणजे ट्रायटन, आणि हे तिघं एकमेकांचे लांबचे नातेवाईक आहेत इतकंच. त्यांचं जगणं पण वेगळं. क्वीन काँक शेवाळ चरत फिरतो, टर्बिनेला वाळूतले किडे खातो, आणि मोठा ट्रायटन तर काटेरी मुकुटवाली स्टारफिश खातो, जी स्टारफिश स्वतः प्रवाळ खाऊन रीफच्या रीफ उजाड करते. म्हणजे शोभेसाठी एक ट्रायटन उचलला की रीफचा एक राखणदार कमी झाला.

आता सगळ्यात मोठा गैरसमज. खूप लोकांना वाटतं की आतला प्राणी मोठा झाला की शंख सोडून देतो आणि दुसरा शोधतो. नाही हो. तसं हर्मिट क्रॅब करतो, कारण त्याचं घर मुळात उसनंच असतं. शंखातला मूळ प्राणी म्हणजे गोगलगायीचाच भाऊबंद, तो स्नायूने आतल्या खांबाला घट्ट चिकटलेला असतो आणि ते कवच हा त्याच्या शरीराचा भाग असतो, तो त्यातून बाहेर पडून जगूच शकत नाही. मँटल नावाचा एक मऊ पडदा असतो, तो समुद्राच्या पाण्यातलं कॅल्शियम घेऊन तोंडाच्या कडेला थोडं थोडं कवच लावत जातो, म्हणून शंखाचं टोक हे त्याचं बाळपण असतं आणि तोंडाची कड हे सगळ्यात अलीकडचं बांधकाम. चांगल्या शंखाचं टोक भिंगातून बघा, एखाद्या मिलिमीटरचा पहिला वेढा दिसतो, आख्खा शंख त्याच्यापासून सुरू झालेला असतो. मी हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा कितीतरी वेळ भिंग खाली ठेवलं नव्हतं.

आणि मजबुती. क्वीन काँकच्या कवचात ९५ टक्क्यांहून जास्त भाग अॅरॅगोनाइट असतो, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, खडूचा सख्खा भाऊ म्हणा. खडू बोटांत मोडतो आणि हा शंख हातोडीलाही लवकर दाद देत नाही, असं का? तर त्याच्या बारीक पट्ट्या प्लायवूडसारख्या एकमेकींना आडव्या रचलेल्या असतात आणि मध्ये अगदी थोडासा सेंद्रिय डिंक असतो, त्यामुळे तडा सरळ जाऊच शकत नाही, त्याला दर थरापाशी वळावं लागतं आणि वळता वळता त्याचा जोर संपतो. ही रचना लक्षात ठेवा, सफाईच्या वेळी कामाला येणार आहे.

मग शंख वाचायला शिका

शंखाचं टोक वर आणि तोंड आपल्याकडे करून धरा. तोंड तुमच्या उजव्या हाताला उघडत असेल तर तो उजवा, डाव्या हाताला उघडत असेल तर डावा. जगातले बहुतेक सगळे शंख उजवे. आता इथे घोळ काय होतो तर ज्याला आपण दक्षिणावर्ती म्हणतो तो शास्त्राच्या भाषेत डावा निघतो, कारण परंपरेत शंख उलटा, म्हणजे टोक खाली करून बघतात. दोन्ही बरोबर आहेत, फक्त धरायची पद्धत वेगळी, म्हणून कोणी डावा-उजवा म्हटलं की आधी विचारायचं, टोक वर का खाली?

डावा टर्बिनेला खरोखर अतिशय दुर्मिळ असतो. पण अमेरिकेच्या आग्नेय किनाऱ्याकडे लाइटनिंग व्हेल्क नावाचा एक शंख मिळतो जो जन्मतःच डावा असतो, त्याच्या जातीत डावं असणं हाच नियम, आणि बऱ्याचदा तोच दक्षिणावर्ती म्हणून गळ्यात मारला जातो. ओळखायचं कसं? तोंडातून आत टॉर्च मारा आणि मधल्या खांबाकडे बघा. टर्बिनेलाच्या खांबावर ३-४ ठळक आडव्या घड्या असतात, बोट फिरवलं तरी लागतात. व्हेल्कचा खांब गुळगुळीत. एवढी एक गोष्ट माहीत असली तरी तुमचे खूप पैसे वाचतील.

ओठ पण वाचायचा. क्वीन काँकचं पिल्लू असताना ओठ पसरलेला नसतो, साधा भोवऱ्यासारखा दिसतो. ३-४ वर्षांचा होऊन वयात आला की लांबी वाढायची थांबते, ओठ पंख्यासारखा बाहेर पसरतो आणि मग पुढे आयुष्यभर तो फक्त जाड होत राहतो. म्हणून ओठ पातळ असलेला शंख बघितला तर समजायचं की ह्याला पिल्लं घालायची संधीच मिळाली नाही. तो विकत घ्यायला मी तरी नकोच म्हणेन.

आता किनाऱ्यावर चला

ओहोटीला जायचं, भरतीला जाऊन काही मिळत नाही आणि धोका वेगळाच. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं तेव्हा ओहोटीही जास्त खोल जाते, एरवी पाण्याखाली असलेला पट्टा उघडा पडतो. पाणी सगळ्यात खाली जायच्या तास-दीड तास आधी पोचा, पाणी उतरतंय तसं त्याच्या मागे मागे जा आणि ते फिरलं की तुम्ही पण फिरा, अजून पाच मिनिटं असं करत थांबू नका. वादळ होऊन गेल्यावर पुळणीवर जास्त माल वाहून आलेला असतो, पण समुद्र पूर्ण शांत झाल्याशिवाय जायचं नाही. पाठ समुद्राकडे करून तर कधीच वाकायचं नाही.

एक गोष्ट गंभीरपणे ऐका. कोन शेल म्हणून एक प्रकार असतो, आइस्क्रीमच्या कोनासारखा, एका बाजूला रुंद आणि दुसरीकडे निमुळता, वर इतकी सुंदर नक्षी की हात आपोआप जातो. जिवंत असताना त्याच्याकडे विषारी भाल्यासारखा दात असतो आणि तो सोंडेतून बाहेर काढून टोचतो, पातळ हातमोज्यातूनसुद्धा. कोनस जिओग्राफस ह्या जातीच्या दंशाने माणसं मेलेली आहेत आणि ह्या विषावर उतारा नाही. रुंद टोकाला धरलं की सुरक्षित असं काही जण सांगतात, विश्वास ठेवू नका, सोंड सगळीकडे पोचते. त्यामुळे कोनाच्या आकाराचं काही दिसलं तर हात नाही लावायचा, आणि कुठलाही न ओळखलेला शंख खिशात किंवा कपड्यात नाही ठेवायचा, बादलीतच. टोचलंच तर लगेच दवाखाना गाठायचा, बघू काय होतंय असं म्हणत बसायचं नाही. ह्याच कुळातल्या कोनस मॅगसच्या विषावरून बनवलेलं ताकदवान वेदनाशामक, झिकोनोटाइड, अमेरिकेत २००४ मध्ये मंजूर झालंय. म्हणजे बघा, एवढ्याशा कवचात काय काय असतं.

आता रिकामा आहे का ते कसं बघायचं. तोंडात झाकण दिसतंय का बघा. बऱ्याच शंखांना नखासारखं कडक तपकिरी झाकण असतं, प्राणी आत ओढला गेला की ते दार लावल्यासारखं बसतं. क्वीन काँकचं झाकण विळ्यासारखं असतं आणि तो ते वाळूत रोवून उड्या मारत पुढे जातो, सरपटत नाही. झाकण दिसलं की आत प्राणी आहे, विषय संपला, जिथून उचलला तिथेच ठेवा, उलटा करून नाही, होता तसाच. झाकण नाही दिसलं तरी लगेच खूश होऊ नका. शंख उथळ डबक्यात ठेवा आणि लांब बसून १०-१५ मिनिटं वाट बघा, सावली पडू देऊ नका. हर्मिट क्रॅब असेल तर आधी डोळे, मग पाय बाहेर येतात. घाबरलेला खेकडा बराच वेळ हलत नाही म्हणून शंका वाटली तर नाही न्यायचा, हा माझा नियम. ऑक्टोपसची छोटी पिल्लं, माशांची अंडी असं पण काय काय आत असू शकतं.

आणि रिकामा आहे म्हणून बेकार आहे असंही नाही. हर्मिट क्रॅबना वाढत्या अंगाला वाढतं घर लागतं. एक मोठा चांगला रिकामा शंख किनाऱ्यावर आला की कधी कधी खेकडे चक्क मोठा-लहान अशी रांग लावून उभे राहतात, सगळ्यात मोठा नव्या शंखात शिरला की त्याच्या मागचा त्याच्या जुन्या घरात, त्याच्या मागचा त्याच्या, अशी काही क्षणांत अख्खी रांग घरं बदलते. तुम्ही तो एक शंख उचलला तर ती पूर्ण साखळीच झाली नाही असं समजा. स्पेनमधल्या एका किनाऱ्यावर संशोधकांनी साधारण ३० वर्षांच्या अंतराने मोजणी केली, पर्यटक जवळपास तिप्पट झाले होते आणि शिंपले-शंख ६० टक्क्यांहून जास्त घटले होते, हे २०१४ मध्ये छापून आलंय. म्हणून मी एका फेरीत एक, फार तर दोन नेतो आणि तेही ओठ फुटलेले किंवा भोकं पडलेले, खेकड्याला असलं घर नको असतं. फुटका शंख घेण्यात कमीपणा नाही, उलट फुटक्यातच आतला जिना दिसतो.

कायद्याचं पण बघून घ्या. धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावर साइट्स नावाचा आंतरराष्ट्रीय करार आहे, क्वीन काँक १९९२ पासून त्याच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे, म्हणजे देशाबाहेर न्यायला कागद लागतात, आणि बाकी कुठल्या जातींवर बंदी आहे, कुठल्या किनाऱ्यावर काहीच उचलायचं नाही हे प्रत्येक देशाचं वेगळं असतं. जायच्या आधी विचारा, विमानतळावर नाही.

घरी आणल्यावर, म्हणजे खरं काम

इथेच लोक सगळ्यात जास्त शंख वाया घालवतात. घाई करतात.

पहिले दोन-तीन दिवस काही करायचं नाही, फक्त गोड्या पाण्यात बुडवून ठेवायचा आणि सकाळ-संध्याकाळ पाणी बदलायचं. आतलं मीठ निघतं, वाळू सुटते. मग उलटासुलटा करून झटका, पाणी खांबाभोवती फिरत फिरत येतं म्हणून शंख पण मळसूत्रासारखा फिरवायचा, सरळ झटकून अर्धं पाणी आतच राहतं. त्यानंतर जुना टूथब्रश, आणि खाचेत चिकटलेल्या गोष्टींसाठी बांबूची काडी किंवा टूथपिक. लोखंडी टोकाने खरवडायचं नाही, ओरखडा जन्मभर दिसतो.

वास येत असेल तर आत काहीतरी मेलेलं आहे. त्याला फ्रीझरची पद्धत बरी. पिशवीत घट्ट बांधून ३-४ दिवस फ्रीझरमध्ये, मग आधी खालच्या फ्रिजमध्ये, मग बाहेर, असं हळूहळू तापमानावर आणायचं आणि वितळलं की वाकड्या हुकने शंखाच्या वळणाच्या दिशेने फिरवत ओढायचं. उकळायचा सल्ला पण मिळेल तुम्हाला. जाड दणकट शंख असेल तर गार पाण्यात ठेवून पाणी सावकाश तापवलं तर चालून जातं, पण उकळत्या पाण्यात थेट टाकला तर तडे जातात आणि चकचकीत कवचाची चकाकी पण जाते. मी आता उकळत नाही.

ब्लीच. शेवाळ आणि पापुद्र्यासारखं तपकिरी साल काढायला अर्धं पाणी अर्धं ब्लीच करून काही तास ठेवतात, मध्ये मध्ये बघत राहायचं आणि झालं की लगेच काढून भरपूर पाण्यात धुवायचं. पण थांबा, ते तपकिरी साल म्हणजे घाण नाहीये. तो शंखाचा स्वतःचा थर आहे, प्राण्यानेच बनवलेला, समुद्रात असताना कवच झिजू नये म्हणून. अभ्यासाचे संग्रह करणारे तो मुद्दाम राखतात. तुम्हाला पांढरा स्वच्छच हवा असेल तर काढा, पण आधी दोन दिवस तो आहे तसा बघा आणि मग ठरवा. ब्लीच वापरताना खिडक्या उघड्या ठेवा, हातमोजे घाला, आणि ब्लीचमध्ये व्हिनेगर किंवा कुठलंही अॅसिड कधीही मिसळू नका, त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि तो फुफ्फुसं जाळतो.

अॅसिड तर शंखाला लावायचंच नाही. व्हिनेगर नाही, लिंबू नाही, टॉयलेट क्लीनर तर अजिबात नाही. शंख कॅल्शियम कार्बोनेट आहे, अॅसिडमध्ये तो फसफसून विरघळतो, ते बुडबुडे म्हणजे मळ निघतोय असं वाटतं पण तो शंखच जात असतो. वर सांगितलेल्या त्या आडव्या-उभ्या थरांपैकी वरचा थर जातो आणि त्याच्याबरोबर रंग, रेघा, टोकाचं ते बाळपण, सगळं. मी एक छान छोटा शंख रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेवला होता, सकाळी हातात खडूसारखं काहीतरी भुरभुरीत आलं.

शेवटी सावलीत पूर्ण सुकवा, आठवडा लागला तर लागू दे. मग मिनरल ऑइल किंवा बेबी ऑइलचा एखादा थेंब कपड्यावर घेऊन पुसा, रंग उठून येतो. व्हार्निश नको, पिवळं पडतं आणि परत निघत नाही.

ठेवायचा कुठे

उन्हात नाही. क्वीन काँकचा गुलाबी रंग उन्हात उडतो, काही वर्षांत नुसता मळकट पांढरा राहतो. आणि लाकडी कपाटात कोंडून पण नाही. ऐकायला विचित्र वाटेल पण लाकूड, प्लायवूड, साधा पुठ्ठा ह्यांच्यातून अॅसिडची वाफ हळूहळू निघत असते, ओक लाकडातून तर जास्तच, आणि बंद जागेत दमटपणा असला की शंखावर पांढरी बुरशीसारखी पावडर यायला लागते. ह्याला बाइन्स डिसीज म्हणतात. लॉफ्टस बाइन नावाच्या माणसाने १८९९ मध्ये त्याच्यावर लिहिलं, त्याला तो जंतूंमुळे होतो असं वाटलं होतं, आता माहीत आहे की तो रोग नाहीच, सरळ रासायनिक क्रिया आहे. त्यामुळे औषध लावून उपयोग नाही, जागाच बदलायला लागते. पॉलिप्रॉपिलिन प्लास्टिकचे डबे किंवा काच-धातूची कपाटं बरी, आणि दमटपणा कमी ठेवा.

आणि चिठ्ठी लिहा. प्लीज लिहा. कुठे सापडला, कोणत्या तारखेला, वाळूत का खडकात, जिवंत प्राणी आजूबाजूला होते का. चिठ्ठी शंखाबरोबरच ठेवायची. बिनचिठ्ठीचा शंख नुसता शोभेचा, चिठ्ठीवाला शंख म्हणजे त्या दिवशी तिथे काय जगत होतं त्याची नोंद.

विकत घेताना

थोडक्यात सांगतो. गालाला लावा, खरा शंख गार लागतो आणि दिसतो त्यापेक्षा जड लागतो, रेझिनचा कोमट आणि हलका, शिवाय साच्याची शिवण कुठेतरी दिसतेच. भडक निळा, जांभळा म्हणजे रंगवलेला. सगळीकडे एकसारखी काचेसारखी चमक असेल तर अॅसिडने पॉलिश केलेला. आणि महत्त्वाचं म्हणजे, अगदी ताजा, एकही ओरखडा नसलेला, ओठ धारदार असलेला शंख दुकानात दिसला तर तो बहुतेक वेळा किनाऱ्यावर मिळालेला नसतो, प्राणी जिवंत पकडून मारलेला असतो. विचारा दुकानदाराला, कुठून आला म्हणून. उत्तर नाही मिळालं तर मी ठेवून देतो.

आणि वाजवायचा असेल तर

शंखाला भोक पाडून फुंकणं हे माणूस फार जुन्या काळापासून करतोय. फ्रान्समधल्या मार्सूला गुहेत १९३१ मध्ये एक मोठा ट्रायटन शंख सापडला होता, इतकी वर्षं सगळ्यांना वाटलं की ते पाणी प्यायचं भांडं असेल. मग संशोधकांनी परत बघितलं तर टोक मुद्दाम तोडलेलं, आतून भोक नेलेलं. साधारण १८,००० वर्षं जुना शंख, त्यांनी एका हॉर्न वाजवणाऱ्या वादकाच्या हातात दिला आणि त्यातून तीन स्वर निघाले, सी, सी शार्प आणि डीच्या जवळचे. २०२१ मध्ये हे प्रसिद्ध झालं. ते रेकॉर्डिंग ऐकताना माझ्या अंगावर काटा आला होता.

घरी करायचं तर जाड शंख घ्या, टोकापासून थोडं थोडं घासत जा, एकदम कापू नका. भोक पाव इंचाचं झालं की फुंकून बघा, मग वाढवा, साधारण २ सेंटीमीटरच्या आसपास बऱ्याच शंखांना जमतं. घासताना शंख आणि कानस दोन्ही ओले ठेवा आणि मास्क लावा, शंखाची भुकटी छातीत गेली की त्रास देते. कड शेवटी बारीक पॉलिश पेपरने इतकी गुळगुळीत करा की ओठाला टोचायला नको.

वाजवताना सगळे एकच चूक करतात, गाल फुगवून जोरात हवा सोडतात आणि नुसता फुस्स आवाज येतो. हवेने नाही वाजत तो, ओठांनी वाजतो. ओठ मिटून, कोपरे आवळून, आधी शंखाशिवाय नुसते फुरफुरवायला शिका, माशी गुणगुणते तसं. ते जमलं की तेच भोकावर ठेवायचं, घट्ट दाबायचं नाही, आणि हवा पोटातून सावकाश सोडायची. एका जागी ओठ अचानक शंखाशी जुळतात आणि तो हातात थरथरायला लागतो, ती जागा लक्षात ठेवा. शंखाच्या तोंडात हळूहळू हात घातला की सूर खाली उतरतो. दिवसाला ५-१० मिनिटं पुरे, डोकं हलकं वाटलं तर लगेच थांबायचं. आणि झाल्यावर गोड्या पाण्याने विसळून, वळणाच्या दिशेने दोन वेढे फिरवून पाणी काढून, तोंड खाली करून वाळत ठेवायचा.